भात-पोळी कमी, तूप किती?

दिल्ली-नोएडात आलेल्या मराठी घरातले सकाळचे पोहे सुटत नाहीत आणि रविवारचे छोले-भटुरेही चुकत नाहीत. एकादशीचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. मधुमेहींनी भात-पोळीला आवर घातला की जेवणानंतरची साखर उतरते, यात नवल नाही.

खरा प्रश्न पुढचा: ताटातल्या रिकाम्या जागी काय वाढायचं? अंडी, मूठभर शेंगदाणे, खारी बावलीतले अक्रोड, परतलेली मेथी वेगळी आणि पराठ्यावरचा लोण्याचा गोळा वेगळा. तुपाने साखर चढत नाही, म्हणून ते हवं तेवढं खाल्लेलं हृदयाला मानवेलच असं नाही.

दुसरी सावधगिरी औषधांची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली, तर साखर घसरून दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असताना साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन आम्लं साचू शकतात.

तेव्हा ताट बदलण्याआधी डॉक्टरांना भेटा, औषधांचे डोस तपासून घ्या आणि मगच या अंकातल्या पाककृतींकडे वळा.