अंबाड्यातले आकडे

फाल्गुन लागला की वेंगुर्ले-मालवणच्या बाजारांत सुरंगीचे वळेसर दिसू लागतात. आमच्या शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजींना त्या दिवसांत अंबाड्यावर वळेसर हवाच असतो. यंदा मात्र केस विंचरताना सुनेला त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूस एक ओलसर जखम आढळली. विरळ झालेला अंबाडा सुटू नये म्हणून त्यात सात-आठ आकडे खोचलेले असत आणि दुपारी आजी त्यांवरच डोके टेकून निजत. घरच्यांनी केस बारीक कापण्याचे ठरवले. आजींनी दोन दिवस अबोला धरला.

वस्तुतः दोष केसांचा नव्हता, आकडे वापरण्याच्या रीतीचा होता.

उतारवयात केस बारीक होतात आणि त्वचा पातळ व कोरडी होते. केस महिन्याला सरासरी 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुळापाशी तुटलेला केस पुन्हा अंबाड्यात येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. सततच्या ताणाने कपाळाच्या व कानशिलांच्या कडेचे केस प्रथम जातात. ताण वेळीच थांबला तर ते बहुधा परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिला तर मुळेच नष्ट होतात.

म्हणून आकडा निवडतानाच काळजी घ्यावी. त्याची टोके गोल व गुळगुळीत असावीत. टोकावरचा प्लास्टिकचा थेंब निघाला असेल, तर तो आकडा टाकून द्यावा. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते आणि गंजलेला खरखरीत आकडा केस कापतो. आकडे कोरड्या डबीत ठेवावेत.

केस पूर्ण वाळल्याशिवाय अंबाडा घालू नये. ओला केस अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो. पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवावे. आधी सैल वेणी घालावी, तिचा अंबाडा वळावा, म्हणजे दोन-तीन आकडे पुरतात. अंबाड्याच्या कडेचे थोडे केस आकड्यात धरून तो अंबाड्याच्या मध्याकडे आडवा सरकवावा. त्याचे टोक त्वचेत रुतता कामा नये. चापाची पिन असल्यास तिची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवावी. पिन दातांनी उघडू नये. दातांची झीज होतेच, शिवाय ती घशात जाण्याचा धोका असतो. काढताना पिनेचे तोंड किंचित फाकवून ती आल्या वाटेने काढावी, ओढू नये.

वळेसर आकड्यांनी जागोजागी टोचण्याऐवजी अंबाड्याभोवती गुंडाळून त्याच्याच दोऱ्याची सैल गाठ मारावी. जड गजरा तासा-दोन तासांत उतरवावा.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. निजण्यापूर्वी, दुपारच्या झोपेपूर्वीही, सर्व आकडे काढावेत आणि मोजावेत. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस अंबाडा घालूच नये. बाजूला सैल वेणी घालावी, म्हणजे डोक्याखाली गाठ येत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या हाताशी आकडे ठेवू नयेत. एमआरआय तपासणीपूर्वी प्रत्येक आकडा काढला असल्याची खात्री करावी. तेथील प्रबळ चुंबक तो खेचून घेतो आणि इजा होऊ शकते. आठवड्यातून एकदा भांग पाडून डोक्याची त्वचा उजेडात पाहावी. मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास लहान जखमही डॉक्टरांना दाखवावी. तिच्यावर तेल चोपडू नये.

आजींची जखम डॉक्टरांच्या उपचारांनी तीन आठवड्यांत भरली. केस कापावे लागले नाहीत. आता त्यांच्या अंबाड्यात दोनच आकडे असतात आणि दुपारी ते उशाशी डबीत विसावतात. वृद्धांची निगा राखताना आपली सोय पाहावीच. परंतु केसांना कात्री लावण्यापूर्वी त्यांचे मन एकदा विचारून घ्यावे.