धोतरवाले दादासाहेब

कळंब्यात जयंतीच्या मीटिंगला गेलो होतो. वर्गणीतले निम्मे पैसे डॉल्बीला, उरलेले फ्लेक्सला, असा हिशेब झाला. मी म्हणालो, फ्लेक्सच्या एका कोपऱ्यात दादासाहेब गायकवाडांचा फोटो घ्या. एक शिकलेला पोरगा हसला. "ते धोतरवाले व्हय? ते तर काँग्रेसला विकले गेलेले."

पोराचा राग नाही आला. त्याला हे शिकवलं कुणी, त्यांचा आला.

१९०२ ला दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावात जन्मलेला हा माणूस. १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह नाशकात तगून राहिला तो यांच्या खांद्यावर. १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात, १९५७ ला लोकसभेत, १९६२ ला राज्यसभेत. धोतर काही सुटलं नाही. बाबासाहेब गेल्यावर आपल्यातल्या सुटाबुटातल्या वकिलांना ते खुपायला लागलं. रिपब्लिकन पक्ष १९५७ चा, आणि १९५९ पर्यंत त्याचे दुरुस्त अन् नादुरुस्त असे दोन तुकडे. (दुरुस्त कोण, ते अजून ठरायचंय.) म्हणे जमिनीबिमिनीची भाषा कम्युनिस्टांची!

अहो, जमीन आम्हाला विचारा. शाहू महाराजांनी १९१८ ला महार वतन मोडून जमीन रयतवारीनं दिली. मुंबई सरकारला तसला कायदा करायला १९५८ उजाडलं. चाळीस वर्षं! आमच्या पणज्याच्या नावावर झालेला तुकडा लग्नाच्या कर्जात गेला. आज तिथं बंगले हाईत. म्हणून तर ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेबांनी पुन्हा भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला तेव्हा माझा आजा घरातनं उठला. अंगठा उठवून आत गेला. लाखोंनी गेले.

मागण्या काय होत्या? पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतन, बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र. चित्र लागलं १९९० ला. बौद्धांना केंद्राच्या सवलती, त्याही १९९० ला. आणि जमीन? चित्रापुढं हार घालून आपण ती मागणीच विसरलो.

१९६७ ला काँग्रेसशी समझोता केला, ही दादासाहेबांची चूक. मी झाकणार नाही. त्यानं चळवळीला सत्तेच्या ओसरीवर बसायची सवय लागली. पण चुकलेला माणूस वेगळा, विकलेला वेगळा. आणि त्याच ओसरीवर पुढं महामंडळाच्या खुर्च्या मागत बसलेल्यांनी त्यांना विकलेला म्हणावं?

२०२२ च्या अखेरीस गायरानातली अतिक्रमणं काढायच्या नोटिसा निघाल्या. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या दलितांची जमीन नियमित करायचा १९९१ चा शासन निर्णय आहे. मीटिंगमध्ये विचारलं, कुणी वाचलाय? एकही हात वर झाला नाही. डॉल्बीवाल्याला ॲडव्हान्स तेवढा दिला गेला.

२९ डिसेंबर हा दादासाहेबांचा स्मृतिदिन, १९७१ ला गेले. त्याच्या आधी आपापल्या वस्तीतल्या गायरानाचे सातबारे काढायचेत. शासन निर्णयाची प्रत माझ्याकडं आहे. तलाठ्याकडं कोण कोण येणार, ते आधी सांगा.