ओट्यावरची जागा

दिवाळीच्या आधी आठ दिवस माळा उतरवायचा, हा आमच्या घरचा जुना रिवाज. शिडी धरून खाली उभे राहणे हे माझ्याकडचे काम. चढणे सौभाग्यवतींकडे, आणि पलंगावर बसून 'ते टाकू नका, ते लागतं' असे सांगणे आईकडे. यंदा माळ्यावरून एकामागून एक खाली उतरलेली मंडळी पाहून मात्र मला धडकी भरली. लग्नात आलेला टोस्टर (तसे दोन आले होते, दुसरा आम्ही यथावकाश भाच्याच्या लग्नात पुढे सरकवला), सँडविच भाजण्याचे यंत्र, फळांचा रस काढण्याचे यंत्र, इडलीचे पीठ वाटणारा दगडी ग्राइंडर, विजेची किटली, आणि गेल्या वर्षी मीच हौसेने आणलेला एअर फ्रायर. एवढा सारा सरंजाम असलेल्या या घरात रोज शिजते काय म्हणाल, तर पोळी, भाजी, वरण आणि भात!

त्यात चकलीच्या सोऱ्याची चांदणीची चकती हरवलेली. ती दर दिवाळीला हरवतेच, त्याशिवाय सण आल्यासारखा वाटत नाही. दोन तासांनी ती रसयंत्राच्या पोटात सापडली. तेथे ती कशी गेली, याचा खुलासा अद्याप कोणी केलेला नाही.

या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की, मी मराठी शिकवणारा माणूस; स्वयंपाकघरात माझी गती चहापुरती. पण या पसाऱ्याकडे पाहता पाहता एक गोष्ट मनात आली. आमच्या आजोळच्या स्वयंपाकघरात वस्तू 'ठेवाव्या' लागत नसत, त्या तेथे असतच. पाटा भिंतीशी, जाते कोपऱ्यात, दुधाचे भांडे मांजराला पोहोचू नये म्हणून शिंकाळ्यात, रोजची भांडी मांडणीवर, कोरडे जिन्नस फडताळात आणि क्वचित लागणारे धान्य उतरंडीच्या तळच्या मडक्यात. पाट्याचे वजन असे की तो उचलून कपाटात ठेवावा, हा विचारच कोणाला शिवला नसता. माणूस पाट्याकडे जाई, पाटा माणसाकडे येत नसे. सारा घोटाळा झाला तो स्वयंपाकघरातील अवजारे हलकी झाल्यावर. हलकी वस्तू आली की ती हलवण्याचा मोह होतो, आणि एकदा हलवली की ती नेमकी कोठे गेली हे विचारत हिंडावे लागते.

पाट्याची जागा घेतली मिक्सरने. त्याची कथा मोठी गमतीची आहे. १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या सीमेन्स कंपनीत माथुर नावाचे एक अभियंता होते. त्यांच्या पत्नीजवळचे जर्मन बनावटीचे यंत्र आपल्याकडच्या वाटणाघाटणाला पुरे पडेना. खरेच आहे, भिजवलेली डाळ, सुके खोबरे आणि हळकुंड यांच्याशी गाठ पडेल अशी त्या बिचाऱ्याला कल्पना कोठून असणार? माथुरांनी चांगली ५०० वॅटची दणकट मोटर बसवून स्वतःच एक यंत्र तयार केले. तेच पुढे घरोघरी गेलेले 'सुमीत'. आमच्या घरी मिक्सर आला तो मी शाळेत असताना, आईच्या भिशीच्या पैशांतून. तिने त्याला झालरीचे आच्छादन शिवले होते. कडाप्प्याच्या ओट्यावर डाव्या हाताला तो एखाद्या जावयासारखा बसलेला असे, आणि पाहुणे आले म्हणजे आई त्यावरचे आच्छादन मुद्दाम काढून ठेवी.

तीन वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नव्याने करून घेतले. सुतारमिस्त्रींशी बोलणी करण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले, कारण त्या सुमारास मी फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघराबद्दल वाचून भारावलो होतो. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनी कामगारांच्या घरांसाठी ते आखले. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.९ मीटर, पण त्यात तांदूळ, साखर यांना नावे घातलेले अॅल्युमिनियमचे खण, इस्त्रीची उघडमीट करता येणारी फळी, आणि बसून भाजी चिरता यावी म्हणून खिडकीजवळ जागा. फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींत अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे उभी राहिली. मी मिस्त्रींना म्हटले, "सगळं आत गेलं पाहिजे. ओट्यावर काही म्हणजे काही दिसता कामा नये."

मिस्त्रींनी शब्दशः तसे केले. खाली ट्रॉल्या, वर कपाटे, मध्ये आरशासारखा काळा ग्रॅनाइटचा ओटा. मिक्सर ओट्याखालच्या खणात, डाळींच्या डब्यांच्या मागे. येणारे-जाणारे 'वा, वा' करीत आणि मी संकोच झाल्यासारखे दाखवी. सौ. एकटीच म्हणाली होती, "अहो, रोज तो काढायचा आणि ठेवायचा कुणी?" त्यावर 'दोन मिनिटांचे तर काम!' हे माझे उत्तर. ज्याला ते काम कधी करावे लागत नाही, त्याच्या हिशेबात प्रत्येक काम दोन मिनिटांचेच असते.

फ्रँकफुर्टच्या बाईंनी काम करणारीची पावले मोजली होती. मी मोजली ती कपाटांची दारे.

विजेच्या बाबतीतही तीच तऱ्हा. संपूर्ण ओट्यावर मोठ्या पिनचे भोक एकच ठेवले होते. लहान पिनचे बटण ६ अँपिअरचे. २३० व्होल्टवर ते फार तर १,३८० वॅट सोसते. मिक्सर त्यात सहज बसतो. पण किटली १,५०० वॅटची आणि इंडक्शनची शेगडी २,००० वॅटची. या दोघींना १६ अँपिअरचेच बटण हवे. म्हणजे कपाटात जागा कितीही असो, खरे भांडण त्या एका भोकासाठी. सौ.ने एकदा लांबवणीचा बोर्ड आणला, तर वायरमनने तो हातात घेऊन नुसती मान हलवली आणि म्हणाला, "मास्तर, यावर मोबाईल लावा, शेगडी नको." स्वयंपाकघर आखणाऱ्याने प्रथम यंत्रांची यादी करावी, मग बटणे, आणि सर्वांत शेवटी फळ्या. मी नेमका उलट्या टोकाने चाललो होतो.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे.

आई आता शहात्तर वर्षांची आहे. दात गेले, कवळी बसत नाही. गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरून तिचे डावे मनगट मोडले. हाड जुळले, पण त्या हाताने वजन उचलवत नाही. तीळ, दाणे, जवस, खोबरे हे तिचे जन्माचे आवडते जिन्नस, आता कूट केल्याशिवाय तिच्या तोंडात जाऊ शकत नाहीत. पण गेले वर्षभर तिने जेवणातले मनच काढून घेतले होते. 'दूधभात पुरे', 'भूकच नाही रे' एवढेच. सौ. बँकेत जाते, साडेनऊला तिला घर सोडावे लागते. ती सकाळच्या वाटणाबरोबर 'आई, तुमच्यासाठी चटणी करू का?' असे विचारी, तर आई म्हणे, "नको, तुला उशीर होतो." आम्ही दोघांनी समजूत करून घेतली की, वय झाले, वयाबरोबर चवही जाते. डॉक्टरांकडून शक्तीच्या गोळ्यासुद्धा आणल्या.

परवा माळा झाल्यावर मी आईच्या पलंगाखालची जमीन झाडायला घेतली. ट्रंकेच्या मागे जुन्या साडीत गुंडाळलेले काहीतरी जड लागले. सोडून पाहिले, तो लोखंडी खलबत्ता. मोडीत घातला अशी माझी समजूत होती. तळाला दाण्याचे कूट चिकटलेले, ताजे. सोबत चौघडी घातलेली एक गोधडी.

"आई, हे काय?"

"काही नाही रे. तुम्ही गेलात की दुपारी जरा कुटते. खाली गोधडी घालते, म्हणजे खालच्यांना आवाज जात नाही."

"पण मिक्सर असताना?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो काढायला वाकावं लागतं. एकदा काढला होता. पण परत आत ठेवता येईना. ओट्यावर तसाच राहिला असता, आणि तुझा ओटा..."

पुढचे तिने सांगितले नाही. 'तुझा ओटा' हे दोन शब्द मात्र मला दिवसभर पुरले. चाळीस वर्षे ज्या ओट्याशी ती उभी राहिली, तो माझा केव्हा झाला?

त्या रात्री मी खणापुढे उकिडवा बसलो आणि मिक्सर बाहेर ओढून पाहिला. जमिनीपासून वीतभर उंची. पुढचे तीन डबे काढल्याशिवाय त्याला हात लागत नाही. भांड्याशिवाय वजन साडेतीन किलो. दोन्ही हातांनी धरून उठताना माझ्यासारख्या धडधाकट माणसाच्या गुडघ्यातून आवाज आला. एका हाताने आणि शहात्तराव्या वर्षी हे तिने एकदा तरी केले कसे, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी बदलाबदल केली. मिक्सर ओट्यावर आला. शेगडी आणि मोरी या दोन्हींपासून दूर, लहान पिनच्या बटणाशेजारी, आईला उजव्या हाताने दाबता येईल असा. चटणीचे लहान भांडे त्याच्याच बाजूला, झाकण न लावता. बंद ठेवले की त्यात वास कोंडतो. वायर मोटरीभोवती करकचून गुंडाळायची नाही, सैल वेटोळे घालायचे, हे सौ.ने मला दोनदा सांगितले. मागे फटीत झुरळे घर करतात. त्यांना मोटरीची ऊब फार मानवते, म्हणून आठवड्यातून एकदा तो पुढे सरकवून पुसायचा. ते काम माझे. टोस्टर मधल्या कपाटात गेला, तळाचा चुरा झाडून. रसयंत्र शेजारच्यांना दिले. आणि खालच्या त्या अडचणीच्या खणात एअर फ्रायर, कारण त्याची हौस मला आहे, तेव्हा वाकणेही माझ्याकडे.

खलबत्ता कोठे ठेवायचा, यावर थोडी चर्चा झाली. आई म्हणाली, "राहू दे माझ्याजवळ. वीज गेली तर?" तो पुन्हा ट्रंकेमागे गेला.

वसुबारसेच्या सकाळी मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. आत मिक्सरचा घरघराट सुरू झाला, थांबला, पुन्हा झाला. सौ. अंघोळीला गेलेली. मी उठून दारात जाऊन पाहिले. आई ओट्याशी उभी, भांड्यावर तळहात दाबून. ग्रॅनाइटवर चहूकडे दाण्याचे कूट सांडलेले, लसणीच्या साली, उघडा तिखटाचा डबा, खोबऱ्याची वाटी. सवयीने मी फडके उचलले.

"थांब," ती मागे न बघता म्हणाली. "अजून तीळ व्हायचेत."