केसपेपरवर मनालाही एक ओळ द्या

संपादक महोदय,


१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन (सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आणि जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान. या तिन्ही निमित्तांनी वृत्तपत्रांत येणारे लेख मी आवर्जून वाचते. मनाच्या लेखात फुप्फुसाचा विषय निघत नाही, फुप्फुसाच्या लेखात मनाचा निघत नाही. हेल्मेटसक्तीच्या बातमीत तर डोक्याला मार लागून वाचलेल्या माणसाचं वर्षभरानं काय झालं, याचा पत्ताच नसतो. सगळी नोकरी सरकारी रुग्णालयांत केलेली परिचारिका म्हणून सांगते, ही वाटणी डॉक्टरांच्या सोयीची आहे. रुग्णाला ती महागात पडते.

आधी फुप्फुसाचं बोलते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. हा केवळ बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार नाही, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर मांडलं. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायका आमच्या ओपीडीत रोज दिसायच्या. अशा बाईचा आधी आठवडी बाजार सुटतो, मग देऊळ, मग हळदीकुंकू. “चार पावलं टाकली की जीव घाबरा होतो सिस्टर, म्हणून जातच न्हाई कुठं,” असं ती सांगते. केसपेपरवर मात्र उमटतं एवढंच : दम, खोकला, पंप चालू ठेवणे.

तिचं ते ‘जीव घाबरा होणं’ हा आजाराचाच भाग आहे. अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून हवा पूर्ण बाहेर पडायला वेळ लागतो. घाबरलेला माणूस भराभर, उथळ श्वास घेतो. त्यामुळे आधीची हवा आतच साठते, नव्या हवेला जागा उरत नाही आणि दम आणखी वाढतो. त्या धास्तीनं चालणं बंद होतं. न चालल्यानं पायांचे स्नायू रोडावतात, मग पुढच्या वेळी दोन पावलांतच धाप लागते. घरात बसून बसून मन खचतं, आणि खचलेलं माणूस पंपही वेळेवर घेत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं, आजाराची नीट माहिती आणि धीर, असा सहा-आठ आठवड्यांचा कार्यक्रम म्हणजे फुप्फुस पुनर्वसन. २०१५ मध्ये ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण एकत्र तपासले गेले. धाप आणि थकवा कमी झालाच, शिवाय रुग्णांची भावनिक स्थिती सुधारली आणि आजार आपल्या हातात आहे असं त्यांना वाटू लागलं. पुरावा इतका भक्कम निघाला, की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज नाही, असं मत पुढे आलं. संशोधकांनी प्रश्न निकाली काढला. आमच्या तालुक्यातल्या बाईपर्यंत मात्र त्यातलं काहीच पोचलं नाही.

याचं कारण माझ्या मते सरळ आहे. नवा पंप बाजारात आला की औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, दारात उभा असतो. चालण्याच्या व्यायामाला एमआर नसतो.

डोक्याच्या दुखापतीचीही हीच गत. तिथे संशोधनानं उपचार बदलल्याचं ठळक उदाहरण आहे. डोक्याला मार लागला की स्टिरॉइड द्यायची पद्धत कित्येक वर्षं चालत आली होती. दहा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या ‘क्रॅश’ चाचणीत २००४ मध्ये दिसलं, की स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू १८ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर जातात. त्या निष्कर्षानं उपचारांची दिशा बदलली. पण जीव वाचल्यावर पुढे काय, याचं उत्तर देणाऱ्या संशोधनाकडे तेवढं लक्ष गेलं नाही. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये अशा ५५९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांना वर्षभरात कधी ना कधी तीव्र नैराश्य आलं होतं आणि त्यांतल्या निम्म्यांनाही उपचार मिळाले नव्हते.

आपल्याकडे मोटरसायकलवरून पडलेला पोरगा आठवड्यानं घरी जातो. कार्डावर टाके काढायची तारीख असते. दोन महिन्यांनी त्याची आई येऊन सांगते, “पोरगं वाचलं, पण स्वभाव पार पालटलाय. ताट भिरकावतो, रात्रभर जागतो.” सीटी स्कॅन ठीक आहे म्हणून तिला परत पाठवतात. वास्तविक, आघातानं मेंदूचा पुढचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासला जातो आणि रागावर लगाम ठेवण्याचं काम याच भागाकडे असतं. मेंदूतल्या बारीक तंतूंची इजा साध्या सीटीत बहुधा दिसतच नाही. हे त्या आईला डिस्चार्जच्या वेळीच सांगितलं असतं, तर घरानं पोराला माजोरी ठरवलं नसतं.

‘आजारात माणूस उदास होणारच, त्याला काय औषध?’ असं सहकारी डॉक्टरही म्हणायचे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञ मोजके, इतक्यांना बघणार कोण? दोन्हींचं उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. बंद पडलेली कामं, भेटीगाठी, फिरणं पुन्हा सुरू करून देण्यावर त्यांचा भर होता. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ६४ टक्के रुग्ण सावरले होते. बैठका न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे रुग्ण फुप्फुसाचे किंवा डोक्याच्या दुखापतीचे म्हणून निवडलेले नव्हते, हे मान्य. पण सुरुवात करायला तज्ज्ञाची वाट बघावी लागत नाही, हे त्यातून सिद्ध होतं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सीओपीडी आणि डोक्याच्या दुखापतीच्या प्रत्येक केसपेपरवर मनःस्थितीची एक ओळ असावी आणि नर्सनं दोन-चार प्रश्न विचारून ती भरावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस फुप्फुस पुनर्वसनाचा वर्ग चालावा. त्याला एक फिजिओथेरपिस्ट, एक मोकळा व्हरांडा आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर एवढ्यावर सुरुवात करता येते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला तिसऱ्या महिन्यात घरच्यांसह बोलवावं, कारण स्वभावातला बदल तो स्वतः सांगत नाही. डिस्चार्ज कार्डावर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापावा. ही मोफत सेवा २०२२ पासून चालू आहे, पण ज्याला गरज आहे त्याच्या हाती तो क्रमांक पडत नाही. खेड्यातल्या बाईला बसभाडं परवडत नाही, ही अडचण खरी आहे. तिला व्यायाम शिकवून घरी पाठवावं आणि आशाताईंनी पाठपुरावा करावा.

आपल्यालाही एक विनंती. येत्या नोव्हेंबरात सीओपीडी दिनाचा लेख छापण्याआधी आपल्या वार्ताहरांनी आपापल्या जिल्हा शल्यचिकित्सकांना एकच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षभरात तुमच्या रुग्णालयात किती जणांचं फुप्फुस पुनर्वसन पूर्ण झालं? जिल्हावार आलेली उत्तरं जशीच्या तशी छापा. ज्या जिल्ह्याचं उत्तर शून्य असेल, तिथे पुढचा प्रश्न वाचक स्वतःच विचारतील.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कराड