छाप्यात सापडते कोण?

मुंबईच्या डान्सबारांचा प्रश्न यवतमाळच्या खेड्यातून आपणांस दूरचा वाटेल. मद्यगृहातील नाच आम्हांसही प्रिय नाही. परंतु उपदेश निराळा आणि पोलिसांचा दंडुका निराळा.

१९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा मुख्यतः कुंटणखाना चालविणारास, दलालास व त्या कमाईवर जगणारास शिक्षा सांगतो. सार्वजनिक जागी धंदा करणे वा गिऱ्हाईक बोलावणे सोडले, तर देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच सांगून तीन सज्ञान स्त्रियांना सक्तीच्या निवाऱ्यातून मुक्त केले. मग नुसते नाचणे गुन्हा कसा? तरीही छाप्यानंतर तोंड झाकून गाडीत बसते ती बाईच. मालक जामिनावर घरी.

२००५ मध्ये शासनाने डान्सबार बंद केले, पण तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांस सूट ठेवली! श्रीमंतांपुढे सभ्य तोच नाच गरिबांपुढे अश्लील. असला न्याय आपल्या पूर्वजांनी पाणवठ्यावर भोगला आहे. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समता व व्यवसायस्वातंत्र्याच्या आधारे ही बंदी घटनाबाह्य ठरविली. त्याच निकालात नमूद आहे की, बंदीने ७५,००० हून अधिक स्त्रियांचा रोजगार गेला आणि कित्येकींना कुटुंबाच्या पोटासाठी देहविक्रयच पत्करावा लागला. अब्रू राखण्यासाठी केलेल्या कायद्याचे हे फळ!

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की, छाप्यात स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीस अटक, दंड वा छळ होऊ नये. आपल्या वस्तीतील कोणा मुलीवर असा प्रसंग आल्यास तिला वाळीत टाकण्याआधी तिच्यासाठी वकील गाठा.