घोकंपट्टी

सहावीत होतो. मुलुंडला गीता पाठांतर स्पर्धा. पंधरावा अध्याय, श्लोक २०. रमाबाई नगरातून मी एकटाच. नळाच्या रांगेत घोकायचो. स्टेजवर कुठेच अडखळलो नाही. बक्षीस देताना पाहुण्यांनी आडनाव विचारलं. म्हणाले, ‘‘तुमच्यात एवढे शुद्ध उच्चार?’’ टाळ्या पडल्या. मीही हसलो, साला!

गोदीत बोजे उचलायला लागल्यावर वाचलं. गौतम धर्मसूत्र म्हणतं, शूद्रानं मुद्दाम वेद ऐकला तर कानात तापलेलं कथील ओता, म्हटला तर जीभ छाटा. गीतेच्या अठराव्यातला ४४ वा श्लोक शूद्राला चाकरी नेमून देतो. आमच्या स्पर्धेला पंधरावाच का, तेव्हा कळलं.

पण दोस्तहो, आपल्या विहारांत तरी काय चाललंय? पोरं पाली गाथा धडाधड म्हणतात, वही-पेन घेऊन घरी जातात. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे बुद्धानंच कालामांना सांगितलं ना? १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा मराठीतून दिल्या, त्या कशासाठी? निम्मे मार्क अर्थाला ठेवा, नाहीतर स्पर्धा बंद करा!

परवा पंचशील म्हणता म्हणता एक पोरगी मध्येच थांबली. ‘‘दादा, वेरमणी म्हणजे काय?’’ परीक्षकांनी तिला खाली बसवलं. मी उठून सांगितलं, ‘‘अलिप्त राहणं, पोरी. आता पुढचं म्हण.’’