खुरप्याचा दांडा आणि न्यायासन

जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सज्जनांस अर्पण केलें, त्यांनीं काळ्या गुलामांस दास्यांतून सोडविलें होतें. तेव्हांपासून त्या देशाच्या न्यायअन्यायाकडे सत्यशोधकांचा डोळा आहे. म्हणून तेथील एका सरन्यायाधीश बाईंची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

रोझ बर्ड यांचा जन्म १९३६ सालीं ॲरिझोना प्रांतांत कोंबड्या पाळणाऱ्या घरांत झाला. आईनें कारखान्यांत राबून त्यांस वाढविलें. वकील झाल्यावर त्यांनीं पैसा नसलेल्या आरोपींचीं कामें सरकारतर्फे चालविलीं. १९७५ सालीं कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनीं त्यांस शेतकी खात्यावर मुख्य नेमलें. तेथील मळेवाले मजुरांच्या हातीं आखूड दांड्याचें खुरपें देत. दांडा जेमतेम हातभर. मजूर दिवसभर कमरेंत वांकलेला. लांब दांड्यानें तेंच काम होत असे, पण आखूड दांड्यांत मुकादमाची सोय होती. पाठ सरळ करावयास कोण उभा राहिला, हें त्याला बांधावरून एका नजरेंत दिसे! निंदणीच्या पाळ्या धरणाऱ्या आमच्या आयाबहिणींस त्या कमरेचें दुखणें आम्हीं सांगावयास नको. १९७५ सालींच तें खुरपें बंद झालें, आणि गुप्त मतानें आपला संघ निवडण्याचा हक्क शेतमजुरांस देणारा कायदाहि झाला. हा कायदा घडविण्यांत बर्डबाईंचा मोठा हात होता. मळेवाल्यांनीं तो हात लक्षांत ठेवला.

१९७७ सालीं ब्राऊनसाहेबांनीं त्यांस सरन्यायाधीश केलें. त्या कोर्टांत त्यापूर्वीं एकहि स्त्री बसली नव्हती. तिकडे नेमलेल्या न्यायाधीशास ठेवावा कीं काढावा, याचा कौल लोकांकडून घेतात. १९७८ सालीं बाई थोडक्यांत तरल्या. १९८६ सालीं मात्र शेंकडा सहासष्टांनीं 'काढा' म्हटलें.

हांकाटी फांशीची होती. साठांहून अधिक फांशीच्या खटल्यांपैकीं प्रत्येकांत बाईंनीं शिक्षा रद्द करण्याकडे मत दिलें. खून झालेल्यांच्या नातलगांचें दुःख खरें होतें. त्यांस आम्ही बोल लावीत नाहीं. बाईंनींहि मतें मागत फिरणें न्यायाधीशास शोभत नाहीं म्हणून आपली बाजू लोकांस धड सांगितली नाहीं, ही त्यांची चूकच. पण सात जणांच्या कोर्टांत एकटी बाई कोणाची फांशी रद्द करणार? आणि या मोहिमेंत पैसा कोणी ओतला? तेलविहिरींच्या मालकांनीं आणि बड्या मळेवाल्यांनीं! यांच्या घरीं कोणाचा खून झाला होता?

त्याच दिवशीं क्रूझ रेनोसो हे न्यायमूर्तीहि गेले. शेतमजुरांच्या पोटीं जन्मलेले, अकरा भावंडांतले एक, लहानपणीं स्वतः मळ्यांत राबलेले. मेक्सिकन वंशाचा असा माणूस त्या कोर्टांत पहिल्यानेंच पोंचला होता. तिसरे ग्रोडिन. रिकाम्या जागा भरणारे गव्हर्नर डुकमेजियन हे बाईंस काढा म्हणून सांगत फिरणाऱ्यांतलेच. सरन्यायाधीशाच्या खुर्चीवर त्यांनीं वकिलींतल्या आपल्या जुन्या भागीदारास बसविलें.

आतां पीक कोणाच्या खळ्यांत गेलें तें पाहा. विमा कंपनीनें भरपाई देतांना लबाडी केली तर अपघातांत जखमी झालेल्या माणसास थेट कंपनीवर दावा लावतां येईल, असा निवाडा १९७९ सालीं बाईंच्या कोर्टानें दिला होता. नव्या कोर्टानें १९८८ सालीं तो फिरविला. बोंब फांशीची, आणि बुडाला हात मोडलेल्या गरिबाचा दावा!

कोणी आम्हांस विचारील, "तुम्ही बहुजनांच्या मताचे कैवारी, मग बहुमतानें काढलें तर रडतां कां?" आम्ही रडत नाहीं. बहुजनांनीं कौल द्यावा हेंच आमचें म्हणणें. पण कौल मागणाऱ्यानें सगळा हिशेब पुढें मांडावा. त्या वेळीं मतदारांस फांशीचा दोर दाखविला, विम्याची वही झांकून ठेवली. खुरप्याचें तर नांवहि कोणी काढलें नाहीं.

खुर्ची गेल्यावर बर्डबाईंनीं ईस्ट पालो आल्टो येथें गरिबांच्या कज्ज्यांचें काम करणाऱ्या एका कचेरींत फुकट काम केलें. तेथें त्यांस कागदांच्या नकला काढण्याचें यंत्र दिलें, तें त्यांनीं चालविलें. १९९९ च्या डिसेंबरांत कर्करोगानें त्या वारल्या.